टिटव्यांची मोजणी

विमानतळ बंद होऊन आठ वर्षं झाली होती, पण हुर्रमामाने ते मनावर घेतलं नव्हतं. रोज उजाडता उजाडता तो जीप काढायचा, धावपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन यायचा, आणि वाटेत जिथे म्हणून पाखरू दिसेल तिथे उतरून ते उडवून लावायचा. पाखरू इंजिनात गेलं तर विमान पडतं. आता विमानंच येत नाहीत तर पाखराने जायचं कशात, असं एकदोघांनी त्याला विचारून पाहिलं. मामाने त्यांच्याकडे अशा काही नजरेने बघितलं की ते पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

एकतीस वर्षं त्याने हेच काम केलं होतं. कागदोपत्री त्या हुद्द्याला लांबलचक नाव होतं, पण वैमानिकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्याला त्याच्या आरोळीवरून हुर्रमामाच म्हणत. विमानतळाला टाळं लागलं तेव्हा बाकीचे पोटामागे पांगले. एक पहारेकरी ठेवायचा म्हणून याला ठेवला. पहारेकऱ्याने फाटकाशी खुर्ची टाकून बसायचं असतं, अधूनमधून डुलकी काढायची असते. मामाला ते जमलं नाही. त्याने भेगांमधलं गवत उपटलं, वीज नसलेल्या दिव्यांच्या काचा पुसल्या, आणि रोज वहीत नोंद केली : तारीख, वाऱ्याची दिशा, पट्टीची स्थिती, पक्षी. पक्ष्यांच्या रकान्यात तो ‘नाहीत’ असं लिहायचा आणि खाली सही ठोकायचा. त्या वह्या कुणी मागत नव्हतं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात तसं बाकीचे जुने नोकर कुठे भेटले की विमानतळाचे गोडवे गायचे. मामा गोडवे गात नसे, तो म्हशीला रोज धुऊन काढत होता.

कुंपणापलीकडे करमणुकीचा पार्क होता. विमानं उडत होती तोवर पार्क नाक मुठीत धरून राहायचा. त्याचा मोठा पाळणा विमानांच्या वाटेत येतो म्हणून दोनदा कापायला लावला होता, आणि तेव्हापासून गाव त्याला बुटका पाळणा म्हणत असे. पार्कचा मालक हे विसरला नव्हता. विमानतळ बंद झाला तशी त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि यंदा त्याने नकाशाच काढून आणला : उंच पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, आणि ऐन धावपट्टीवर सात मजली हॉटेल. हॉटेलचं नाव ‘धावपट्टी’. म्हणजे आधी माणसाला पुरायचं आणि मग त्याच्याच नावाने खाणावळ काढायची.

मामाची लेक त्याच पार्कात पाळण्यावर होती. नवरा सोडून गेल्यापासून ती बापाजवळ विमानतळाच्या नोकरचाळीत राहायची. लोकांना पट्टे बांधायचे, दांडी खाली ओढायची, कळ दाबायची, हे ती अकरा वर्षं करत होती आणि अकरा वर्षं हंगामी होती. दर हिवाळ्यात पार्क तिला घरी बसवायचा.

जागेचं काय करायचं ते ठरवायला नगरपालिकेच्या सभागृहात सुनावणी होती. मामा दाढी करून, इस्त्रीचा जुना गणवेश घालून गेला. पिशवीत आठ वर्षांच्या आठ वह्या. त्याला पक्कं माहीत होतं की तीन पर्याय आहेत : छोटी विमानं पुन्हा सुरू करायची, पार्कला जागा द्यायची, किंवा माळ आहे तसा मोकळा ठेवायचा. पहिल्या पर्यायाचा पुरावा तो काखेत घेऊन आला होता.

त्याचं नाव पुकारल्यावर तो उभा राहिला आणि वह्या टेबलावर मांडल्या.

“साहेब, आज दुपारी विमान आलं तरी उतरेल,” तो म्हणाला. “भेग नाही, खड्डा नाही. आणि आठ वर्षांत त्या जमिनीवर एक पाखरू मी टिकू दिलेलं नाही. बघा, रोजची सही आहे.”

सभागृह गप्प झालं. मामाला वाटलं, पटलं यांना. शेवटच्या रांगेत बसलेल्या एका बाईने मात्र कपाळावर हात मारला. पक्ष्यांची गणती करणाऱ्या खात्यातली बाई ती.

पार्कचा वकील उठला. सडपातळ, गोड बोलणारा माणूस. “या गृहस्थांच्या वह्या आम्ही आमच्या बाजूने पुरावा म्हणून दाखल करू इच्छितो,” तो म्हणाला. “जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची जिथे वीण होते तिथे बांधकाम करता येत नाही, हा कायदा आम्हाला मान्य आहे. पण इथे आठ वर्षांत एक पक्षीसुद्धा नाही. स्वतः पहारेकरी सांगताहेत. रोजची सही आहे.”

मामा म्हणाला, “अहो, पण ते विमानांसाठी...”

“विमानांचा पर्याय चार महिन्यांपूर्वीच रद्द झालाय,” अध्यक्ष म्हणाले. “तुमच्याच फाटकावर पत्रक लावलं होतं की.”

पत्रक लावलं होतं हे खरं. मामा फाटकाकडे बघायचाच नाही. त्याचं तोंड कायम धावपट्टीकडे. एवढ्या माणसांत त्याने स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, वर धोंड्यावर सहीही केली होती. त्याचे कान तापले. मागे कुणीतरी हसलं.

ती पक्षीवाली बाई भांडली म्हणून एक संधी मिळाली. ऐन विणीच्या दिवसांत चाळीस दिवस मोजणी करायची. टिटव्यांच्या बारा जोड्यांची घरटी मिळाली तर माळ मोकळा राहील. अकरा मिळाली तर पार्कचा.

दुसऱ्या दिवशी बाई नोकरचाळीत आली आणि उंबऱ्यातूनच बरसली. “मामा, काय करून ठेवलंत हे?”

“माझं काम,” मामा म्हणाला.

“एवढा मोठा खडीचा माळ, आणि टिटवी नाही? टिटवीला असाच माळ लागतो. मला वाटलं जमिनीत विष आहे.”

“विष कशाला? अक्कल लागते.” एवढं झालं तरी कामाचा विषय निघाल्यावर त्याला राहवेना. “बंदुकीच्या बाराने पाखरू तेवढ्यापुरतं जातं. टिटवी अंडी घालायच्या आधी खडीत बसून छातीने खळी करते. ती खळी शोधायची. टाचेने बुजवायची आणि वर एक सपाट दगड ठेवायचा. दुसऱ्या दिवशी ती शेजारी नवी करते. तीही बुजवायची, पुन्हा दगड. चार सकाळी हे केलं की पाचव्या सकाळी जोडी गाव सोडते. पण एक आहे. अंडी पडली की हात लावायचा नाही. मग पिल्लं उडेपर्यंत आपण गाडी वळवून न्यायची. एकतीस वर्षांत मी एक अंडं फोडलेलं नाही.”

“टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात,” बाई म्हणाली.

“म्हणतात. मी एकीलाही आटवू दिला नाही.”

बाईला नको असताना हसू आलं. मग ती खुर्चीत बसली आणि तिने नीट सांगितलं. हॉटेल उभं राहिलं की संपलं, मग ही पट्टी पुन्हा कधी दिसायची नाही. माळ मोकळा राहिला तर निदान पट्टी राहील. उद्या कुणाचं डोकं ठिकाणावर आलं तर विमानही येईल. त्यासाठी पाखरं यायला हवीत, आणि मामा इथे असेपर्यंत ती यायची नाहीत. “ती तुमची जीप ओळखतात, तुमची चाल ओळखतात. दाणे टाकलेत तरी येणार नाहीत. चाळीस दिवस कुठेतरी जाऊन राहा.”

एकतीस आणि आठ, एकोणचाळीस वर्षांत मामा आठ दिवसांच्या वर कुठे राहिला नव्हता. तरी तो हो म्हणाला. वाटेल ते झालं तरी चालेल, पट्टी राहिली पाहिजे, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

रात्री जेवताना लेकीला सांगितलं. तिने ताट बाजूला सारलं.

“बाबा, हॉटेल झालं तर मला कायम करणार आहेत. नोकरांसाठी नवी इमारत होणार आहे, तिच्यात खोली देणार आहेत. माझं नाव यादीत आहे.”

“आपल्याला खोली आहे.”

“ही?” तिने वर बोट केलं. छताला जिथून पाणी गळायचं तिथे मामाने पत्र्याचा डबा तारेने टांगला होता. “माळ मोकळा राहिला तरी ही चाळ पाडणार आहेत. तेही पत्रकात होतं.”

“तू वाचलं होतंस?”

“सगळ्यांनी वाचलं होतं.”

“मला सांगितलं नाहीस.”

“तुम्हाला कुणी काय सांगायचं, बाबा? आई गेली त्या दिवशीसुद्धा तुम्ही आधी पट्टीवर फेरी मारून आलात.”

ते खरं होतं. मामाने मान खाली घालून जेवण संपवलं आणि दुसऱ्या दिवशी पिशवी भरून थोरल्या भावाकडे गेला.

भावाचं घर शहरात तिसऱ्या मजल्यावर होतं. वहिनी जुन्या वळणाची. “भावोजी, आलाच आहात तर गच्चीवरची कबुतरं तेवढी हाकला. वाळत टाकलेल्या चादरी धुऊन धुऊन माझे हात झिजले.” मामाने नाही म्हणून सांगितलं. चाळीस दिवस पाखराला हात लावायचा नाही असं त्याने मनाशी ठरवलं होतं, आणि त्यात कबुतरंही धरली होती. तो गच्चीवर बसून त्यांच्याकडे बघायचा आणि हाताची घडी घालून ठेवायचा. वहिनी म्हणाली, “एवढा जन्म पाखरं उडवण्यात गेला, आणि कामाच्या वेळी सोवळे झाले.”

दर आठवड्याला तो बाईला फोन करायचा. पहिल्या आठवड्यात दोन जोड्या. मग पाच. मग आठ. मग मात्र आकडा अडला. “पार्काकडच्या अर्ध्या माळावर येतात, घिरट्या घालतात आणि जातात,” बाई म्हणाली. “मी लांबून दुर्बिणीतून बघते, जवळ गेलं तर उठतात. काय बिघडलंय कळत नाही.”

एकोणचाळिसाव्या दिवशी दुपारी मामा परत आला. लेक पार्कात होती. पिशवी खोलीत टाकून तो पायीच माळावर गेला आणि कडेच्या बांधावर बसला. टिटव्या होत्या. त्याला बघून एक उठली, दुसरी उठली, आणि दोघी डोक्यावर घिरट्या घालत शिव्या घालायला लागल्या. जन्मात पहिल्यांदा त्याने एका टिटवीला खाली बसू दिलं. तिने अंडी चोचीने सारखी केली आणि पोटाखाली घेतली. एवढ्या वर्षांत आपण नुसत्या उडणाऱ्या टिटव्या बघितल्या, अंड्यांवर बसलेली कधी थांबून बघितलीच नाही, हे त्याला तेव्हा कळलं, आणि वाईट वाटलं.

त्याने तिथूनच फोन लावला. “बाई, किती?”

“नऊ. उद्या सकाळी पायी फिरून शेवटची मोजणी. वकीलही येणार आहे. तीन हवीत, मामा. मोडलेलं घरटंसुद्धा धरतात, फक्त अंडी असली पाहिजेत. फुटकी का असेनात.”

मामा उठला आणि ज्या अर्ध्या माळावर पाखरं टिकत नव्हती तिकडे गेला. शंभर पावलांवर त्याला खडीत एक सपाट दगड दिसला.

खडीतला दगड कुणाच्या नजरेत भरायचा नाही. मामाच्या भरला. दहा पावलांवर दुसरा, त्याच्या शेजारी तिसरा. प्रत्येकाखाली टाचेने दाबून फिरवलेली खडी. इतकं सफाईचं काम, की आपणच झोपेत येऊन केलं की काय असं त्याला क्षणभर वाटलं. ही रीत दोनच माणसांना येत होती. लेक सात वर्षांची असल्यापासून सुट्टीच्या दिवशी त्याच्या जीपमध्ये असायची. त्याच्याआधी तिला खळी दिसायची, आणि तो तिला शाबासकी द्यायचा.

तो दगड उचलत गेला. वीस-बावीस दगडांखाली काही नव्हतं. मग एकाखाली चिकट, पिवळं, आणि ठिपक्याठिपक्यांची टरफलं. असे पाच निघाले. डोक्यावर एक टिटवी मघापासून ओरडत होती. मामाला वाटत होतं की ती त्याच्यावर ओरडते आहे.

नऊ आणि पाच चौदा. बाराच हवी होती. माळ वाचला होता, पट्टी वाचली होती. फक्त उद्या बाईला हाताला धरून इथे आणायचं आणि बोट दाखवायचं. आणि बाई विचारणार, मामा, हे कुणी केलं? विणीच्या दिवसांत अंडी फोडणाऱ्याला तुरुंग होता, हे त्याच बाईने त्याला सांगितलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मामा खडीत बसला आणि त्याने दगड जिथले तिथे ठेवले.

संध्याकाळी लेक आली. गणवेशाचं वरचं बटण काढत म्हणाली, “कधी आलात?”

“दुपारी. माळावर जाऊन आलो.”

ती जागीच उभी राहिली. खोटं बोलायचा तिने प्रयत्नसुद्धा केला नाही. “आमच्या साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, वडलांचं काम तुम्हाला येत असेलच.”

“टाचेने बुजवलंस त्याचं मी काही म्हणत नाही. पोटासाठी मीही तेच केलं. पण पाच ठिकाणी अंडी आहेत.”

“चार सकाळी जायला हवं होतं. मला सकाळची पाळी लागली. दोन दिवस जाता आलं नाही. गेले तर अंडी पडलेली.”

“मग वळून यायचं. मी काय शिकवलं होतं तुला?”

“तुम्ही शिकवलं, पाचव्या दिवशी जोडी गेलीच पाहिजे.” तिचा आवाज चढला. “तुम्ही वळून यायचात, कारण तुमची नोकरी कायम होती, बाबा! एखादं घरटं राहिलं तर तुमचं काय जात होतं? माझं सगळं जात होतं.”

मामाला तिची किळस आली. आणि पोटच्या पोरीची किळस यावी याची लाज वाटली. त्याला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि मारायचा हक्क आपण तिची आई गेली त्या दिवशीच घालवला, हेही कळत होतं. छताचा डबा मधे लोंबत होता, त्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, असे दोघे झोपले.

उजाडायच्या आधी मामा उठला. थापी आणि बादली घेतली. जीपला हात लावला नाही, चालतच गेला. पहिला दगड उचलला. टरफलं, माती, पिवळं, सगळं थापीने खरवडून बादलीत घेतलं. कोरडी खडी आणून पसरली, तळहाताने सारखी केली. दगड लांब फेकला. दुसरा. तिसरा. एका ठिकाणी एक अंडं नुसतंच चेचलं होतं, आत रक्ताची बारीक रेघ धरली होती. तेही त्याने उचललं. पाची झाल्यावर रिकाम्या खळ्यांवरचे दगडही एकेक करून विखरून टाकले. बादलीतलं सगळं गटाराकाठी खोल पुरलं. मग तो एकदा चालत गेला आणि एकदा चालत आला, वाकून वाकून बघत. काही राहिलं नव्हतं. काम करायचं तर चोख करायचं, एवढं एक त्याला येत होतं.

बाई आठला आली, सोबत दोन मदतनीस आणि वकील. तीन तास चालले. मामा मागून चालत होता. त्या अर्ध्या माळावर बाई फार हळू चालली, दोनदा गुडघ्यांवर बसली, खडीतून बोटं फिरवली. मामा आभाळाकडे बघत राहिला.

“नऊ,” शेवटी ती म्हणाली आणि कागदावर सही केली. वकिलाने लगेच घड्याळात बघून वेळ लिहून घेतली.

बाई मामाजवळ आली. तिचे डोळे लाल झाले होते. “तुम्ही चाळीस दिवस घर सोडून राहिलात, मामा. तुमच्यामुळे नऊ तरी आली. तुमच्याकडून तुम्ही सगळं केलंत.”

“हो,” मामा म्हणाला.

“पुन्हा इकडे आले तर भेटेन.”

“या.”

घरी आला तेव्हा लेक चुलीशी उभी होती. आज ती पाळीवर गेली नव्हती. तिने त्याच्या हातांकडे बघितलं, नखांत अडकलेल्या पिवळ्याकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं. मामाला वाटलं, आता ही पायांवर पडते की काय. पडली असती तर त्याने काय केलं असतं, कोण जाणे. ती पडली नाही.

“किती?” तिने विचारलं.

“नऊ.”

तिने श्वास सोडला. तो तिने लपवलाही नाही. “हात धुऊन घ्या,” ती म्हणाली, “वाढते.”

मामाने हात धुतले. दोनदा साबण लावला. पार्कात कुणीतरी पाळणा सुरू केला होता, माणसं ओरडत होती. तो येऊन तिने वाढलेल्या ताटाशी बसला. दुसरीकडे कुठे बसणार होता?